उसनी जीभ

टोमॅटोचा साधा इटालियन सॉस कसा करायचा हे अक्काला कुणी सांगायची सोय नव्हती. अर्ध्या गणगोताला तिनेच तो शिकवला होता. लसूण, ऑलिव्हचं तेल, टोमॅटो, बेझिलची चार पानं आणि मीठ. बस्स. कुणी त्यात कांदा घातला तर ती तोंड फिरवायची आणि साखर घातली तर त्या घरी पुन्हा जेवायला जायची नाही. अक्का नाकाने कांदे सोलते, असं तिची धाकटी बहीणच म्हणायची, आणि लगेच स्वतःच हसत म्हणायची की सोलते पण सॉसमध्ये घालत नाही. तरुणपणी अक्का ज्या हॉटेलात पहिल्यांदा कामाला लागली, तिथली मुख्य स्वयंपाकीण इटलीची होती. ती बाई बोलायची कमी आणि चुकलं की मनगटावर लाकडी चमचा हाणायची. तो मार खाऊन तयार झालेली अक्का पुढे नर्सांच्या वसतिगृहाची मुख्य स्वयंपाकीण झाली, आणि तिथे तिच्या शब्दाबाहेर पातेलं हलत नसे.

मग तिला तो ताप आला. आला तसा गेला, पण जाताना वास घेऊन गेला आणि वासापाठोपाठ चवही. डॉक्टर म्हणाले, काही जणांची येते परत. अक्काची काही आली नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी आणि संत्रं म्हणजे गार पाणी, असा सगळा कारभार होऊन बसला. मीठ कुठलं आणि साखर कुठली हे डब्याच्या झाकणाच्या रंगावरून ओळखायची वेळ आली. ज्या बाईने जन्मभर जिभेवर पोट भरलं तिची जीभ जाणं म्हणजे काय, हे ज्याची गेली त्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी उगाच मान डोलावून च्‌च्‌ करू नये. अक्काला नेमकी तीच भीती होती. तिने वसतिगृहातलं काम सोडलं आणि सगळ्यांना सांगितलं की गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. गुडघे चांगले ठणठणीत होते.

खरं काय ते एकट्या नवऱ्याला माहीत होतं. तिने त्याला बजावलं होतं, की हे या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये; मुलाला नाही, सुनेला नाही, धाकटीला तर मुळीच नाही. एकदा कळलं की लोक माझ्या हातचं कीव करून खातील, आणि तसं खाल्लेलं मला चालायचं नाही. नवरा म्हणाला, नाही सांगणार. माणूस तसा सरळमार्गी. बाजारातल्या रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंगं चढवायचा आणि विचारायचा, आता बरं दिसतंय की आधी दिसत होतं? कधीकधी गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं पाठ करून यायचं आणि धडाधड म्हणून दाखवायचं. त्याचा मात्र त्याला राग यायचा. न दिसलेलं दिसलं म्हणालात तर चष्मा चुकेल आणि ठेच तुम्हालाच लागेल, असं तो तोंडावर सुनवायचा. अशा माणसावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

स्वयंपाकातलं बाकी सगळं अक्काने हळूहळू सुनेवर आणि विकतच्यावर सोडून दिलं. रविवारचा सॉस तेवढा सोडला नाही. कारण त्यातलं बहुतेक काम डोळ्यांचं, कानांचं आणि हातांचं होतं. लांबट, गरभरले टोमॅटो बुडाशी फुलीसारखे चिरायचे, उकळत्या पाण्यात बुडवायचे आणि साल सुटायला लागली की गार पाण्यात टाकायचे. साल ओढून काढली की गर मुठीत धरून पातेल्यात पिळायचा. मिक्सरचं नाव काढायचं नाही. मिक्सरमध्ये बिया भरडतात आणि लाल रंगाचा फिका नारिंगी होतो. तेलात लसूण ठेचून टाकली की तिची कुजबुज ऐकायची, आणि कडा पिवळसर व्हायच्या आत ती काढून घ्यायची. मग टोमॅटो. चमच्याने तळाशी रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही, तेल कडेने डोकावायला लागलं, की सॉस झाला. हे सगळं अक्काला डोळे मिटूनही जमलं असतं.

अडायचं ते शेवटी. टोमॅटो काही एका आईची लेकरं नव्हेत. आज गोड निघतात, उद्या आंबट. मीठ किती घालायचं आणि आंबटपणा मोडायला सॉस अजून किती आटवायचा, हे सांगायला जीभच लागते. ती जीभ नवरा पुरवायचा. घरात इतर माणसं असायची म्हणून त्यांनी खूण ठरवली होती. तो सहज आल्यासारखा स्वयंपाकघरात यायचा, चमचाभर सॉस चाखायचा आणि पातेल्याच्या काठावर चमचा वाजवायचा. एकदा वाजवला तर मीठ हवं. दोनदा वाजवला तर आंबट आहे. तीनदा वाजवला तर खारट. न वाजवता ठेवला की झालं, अक्काचा जीव भांड्यात पडायचा. मग पास्ता उकळायचं आणि सॉसमध्ये घोळवायचं काम तो घ्यायचा, आणि अक्का आंघोळीला जायची. अंगाला लसणीचा आणि घामाचा वास येतोय की नाही हे तिला आता कळत नसे, म्हणून जेवायला बसण्याआधी ती आंघोळ केल्याशिवाय राहायची नाही.

सगळे बसून जेवायचे, वाहवा करायचे, आणि अक्का त्या वाहवेवर पुढचा आठवडा काढायची. आपण अजून स्वयंपाकीण आहोत, एवढा एकच धागा तिच्या हातात उरला होता, आणि त्याचं दुसरं टोक नवऱ्याच्या तोंडात होतं.

त्या रविवारी धाकटी नेहमीसारखी मोठी पिशवी घेऊन आली. मनगटाला पट्टा बांधला होता, मुरगळलंय म्हणाली. मुलगा आणि सून आधीच येऊन बसले होते. अक्काचा सॉस झाला. नवरा आला, त्याने चाखलं, एकदा चमचा वाजवला. अक्काने चिमूटभर मीठ घातलं. त्याने पुन्हा चमचा ओठाला लावला आणि न वाजवता ठेवला. अक्का समाधानाने आंघोळीला गेली.

बाहेर येऊन ती टेबलाशी बसली, पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

चव गेली होती, पण जिभेचं बाकीचं काम शाबूत होतं. ऊन-गार, मऊ-खरखरीत तिला कळायचं, उलट पूर्वीपेक्षा जास्त कळायचं. तिच्या सॉसमध्ये गराचे तुकडे असायचे आणि त्यातून बिया सुळकन निसटायच्या. या सॉसमध्ये तुकडा नाही, बी नाही. सगळं गुळगुळीत आणि त्यात बारीक वाळूसारखी कचकच. तिने ताटलीकडे नीट पाहिलं. रंग नारिंगी होता. मघाशी पातेल्यात तिने स्वतःच्या डोळ्यांनी लाल पाहिला होता.

"अक्का, आज तर तू कमालच केलीस," धाकटी म्हणाली. सून म्हणाली, आईंच्या हातची सर कुणाला नाही. मुलाने नुसता अंगठा वर केला, कारण त्याचं तोंड भरलेलं होतं. नवरा खाली मान घालून जेवत होता.

अक्का पाणी आणते म्हणून उठली. स्वयंपाकघरात तिचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं, आणि बूड अजून कोमट होतं. इतक्या घाईने त्या घरात पातेलं घासलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती मागच्या गॅलरीत गेली. कचऱ्याच्या डब्यात काळी पिशवी गाठ मारून ठेवली होती. तिने वरून हात लावला. पिशवी गरम होती. तिने गाठ सोडली. आत टोमॅटोच्या सालींवर तिचा सॉस पसरलेला होता, तुकड्यांचा, बियांचा, लालभडक, आणि त्याच्यातून वाफ येत होती.

 अक्काने कठडा धरला. सॉस सांडला असेल, करपला असेल, अशी एकेक समजूत ती स्वतःला घालायला लागली, पण एकही टिकेना. सांडला असता तर कुणीतरी सांगितलं असतं.

धाकटी मागोमाग आली होती. दारातच उभी राहिली. अक्काच्या हातातली सुटलेली गाठ बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुझ्या पिशवीतून आणतेस तू सॉस?" अक्काने विचारलं.

धाकटीने हो म्हणून मान हलवली. मनगट दुखत होतं म्हणून आज मिक्सर लावला, असं ती पुटपुटली. जणू काही चूक मिक्सरची होती. मग तिला रडू आलं आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. फार पूर्वी एका रविवारी सॉस इतका खारट झाला होता की सगळ्यांनी पाण्याबरोबर गिळला. अक्का झोपल्यावर भावोजींनी सगळ्यांना बसवून खरं सांगितलं, वास गेल्याचं, चव गेल्याचं, गुडघ्यांचं. तिला कळू देऊ नका म्हणाले. तेव्हापासून रविवारचा सॉस धाकटीच्या घरून यायचा, अक्का आंघोळीला गेली की पातेली बदलायची, आणि तिच्या सॉसची रवानगी गॅलरीत व्हायची.

"पण ते तर चाखायचे," अक्का म्हणाली. "माझ्यासमोर चाखायचे. खारट होता तर सांगायचं ना मला."

धाकटीने पदराने नाक पुसलं. बोलू की नको असं तिचं झालं होतं.

"ते चाखत नाहीत गं," ती शेवटी म्हणाली. "नुसता चमचा लावतात ओठाला. त्यांनीच सांगितलं आम्हाला."

अक्काने पिशवीला पुन्हा गाठ मारली. पाण्याचा जग भरला, टेबलावर नेऊन ठेवला आणि स्वतःच्या जागी बसून ताटली संपवली.  घास गिळताना ती एकेकाचा चेहरा बघत होती, आणि प्रत्येक चेहरा तिला परका वाटत होता. हा आपला मुलगा, याला आपण चमच्याने भरवलं, आणि हा इतके दिवस किती साळसूदपणे अंगठा वर करतो आहे. सुनेचं तर काय, ती बिचारी दुसऱ्याच्या घरची, तिला जे सांगितलं ते तिने केलं. धाकटीवर रागावण्याचंही त्राण नव्हतं. तिने निदान मनगट दुखत असताना सॉस केला होता. फिरून फिरून अक्काचं मन एकाच जागी येऊन बसत होतं. बाकीच्यांनी तिला फसवलं होतं, पण त्यांच्यापैकी कुणाला तिने आपली जीभ सोपवली नव्हती.

माणसं गेल्यावर नवरा वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसला. धाकटीने जाताना त्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं होतं, त्यामुळे तो वाचत काही नव्हता; वर्तमानपत्र उलटं धरलं नव्हतं इतकंच. अक्का समोर येऊन बसली आणि म्हणाली, सांगा.

त्याने सांगितलं. सुरुवातीला तो खरंच चाखायचा. आंबट असेल तर आंबट सांगायचा, खारट असेल तर खारट. पण चमचा वाजला की अक्काचा चेहरा असा पडायचा की त्याला अपराध केल्यासारखं वाटायचं. एकदा तर ती गॅस बंद करून जमिनीवरच बसली होती आणि संपलं माझं सगळं म्हणत राहिली होती. त्याच्यानंतर त्याच्याने सांगवेना. आधी खारटला थोडं खारट म्हणाला, मग थोड्यालाही झालं म्हणाला. मग वाटलं, खोटंच सांगायचं तर चाखायचं तरी कशाला. मधूनमधून उगाच एकदा चमचा वाजवायचा, म्हणजे तिला संशय येऊ नये.

"म्हणजे मघाशी मी मीठ घातलं ते?"

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती पुन्हा उलगडली.

"आणि तुमच्या दुकानात कुणी न दिसलेलं अक्षर दिसलं म्हणतं तेव्हा?" अक्काने विचारलं. "तेव्हा तर जगाला ऐकू जाईल एवढं ओरडता."

"ते दुकान आहे. हे घर आहे," तो म्हणाला. "तुला वाईट वाटू नये म्हणून केलं सगळं. तू खूश असायचीस."

"मी खूश होते कारण मला वाटत होतं की तू चाखतोस."

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून त्याच्यासाठी पहिल्यांदाच एकेरी निघालं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं. अक्काने ते मागे घेतलं नाही.

तिने त्याला सांगितलं की केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. खारट म्हणाला असतास तर मी पाणी घातलं असतं. आंबट म्हणाला असतास तर अजून आटवला असता. वाईट वाटलं असतं, रडले असते, पण सॉस सुधारला असता आणि तो माझा असता. तू बरोबर चाखलं असतंस तर धाकटीला पिशवी उचलावी लागली नसती. माझा स्वयंपाक तापाने नाही गेला, तुझ्यामुळे गेला. हे सगळं ती आवाज न चढवता बोलली, आणि त्यामुळे ते त्याला जास्त लागलं.

तो खरंच हादरला होता. चष्मा काढून डोळे पुसायला लागला. म्हणाला, चुकलं माझं. आजपासून जे असेल ते सांगेन, गोड तर गोड, कडू तर कडू. तुला पाहिजे तर शपथ घेतो.

अक्काने शपथ घेऊ दिली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. टोपलीत सकाळचे थोडे टोमॅटो उरले होते. तिने फुल्या चिरल्या, पाणी उकळलं, साली काढल्या. लसूण कुजबुजली, तिने ती वेळेवर उचलली. गर मुठीत पिळताना बिया बोटांमधून निसटल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला तिथे आलं. ते ओसरेपर्यंत ती ढवळत राहिली. सॉस आटला, तळाशी रेघ उमटली, कडेने तेल दिसायला लागलं. तिने बेझिलची पानं चुरगळून टाकली.

मीठ तिने घातलं नाही. डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. तिला त्याला तोंडघशी पाडायचं नव्हतं; झालं तेवढं पुरे होतं. त्याने आत यावं, चमचा तोंडात घालावा, तोंड वाकडं करावं आणि 'अळणी आहे' एवढे दोन शब्द म्हणावेत, एवढंच तिला हवं होतं. कधी कुठल्या कौतुकासाठी तिचा जीव इतका आसुसला नव्हता. तो अळणी म्हणाला असता तर तिने त्याच क्षणी सगळं माफ केलं असतं आणि उद्यापासून पुन्हा त्याच्या जिभेवर पातेलं सोपवलं असतं.

तिने त्याला हाक मारली. तो लगबगीने आला. तिने चमचा भरून त्याच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. या वेळी त्याने चमचा खरोखर तोंडात घातला, सॉस घोळवला, गिळला. त्याची नजर पातेल्यावर नव्हती. तिच्या सुजलेल्या डोळ्यांवर होती.

"सुरेख झालाय," तो म्हणाला. "तुझी शपथ, इतक्या दिवसांतला सगळ्यात छान."

"मीठ?"

"अगदी बेताचं."

अक्काने गॅस बंद केला. तिच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली. ह्यांचीही चव गेली असेल. माझ्यासारखाच कधीतरी ताप आला असेल, कळलं नसेल, सांगायची लाज वाटली असेल. तसं असेल तर हा माणूस खोटारडा नव्हे, माझ्यासारखाच बिचारा आहे. तिने त्या आशेला घट्ट धरलं.

"मीठ मी घातलेलंच नाही," ती म्हणाली.

तो क्षणभर गांगरला. मग कुणी आपल्याला अगदीच आंधळा समजू नये म्हणून माणूस घाईघाईने बोलतो तसा बोलला.

"ते कळलं की मला," तो म्हणाला. "चमचा तोंडात घातल्याबरोबर कळलं."

अक्काने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला, नळाखाली धुतला आणि कोरडा करून जागेवर ठेवला.